खुराड्याचं आपोआप मिटणारं दार : घरात कुत्रं-मांजर असेल तर

दिवेलागणीची वेळ आहे, तेव्हा आधी सांगा, खुराड्याला कडी घातली का? नसेल तर घालून या, आम्ही थांबतो.

आज बोलायचं आहे ते या कडीबद्दलच. आपल्या गटांच्या बैठका बहुतेक संध्याकाळी होतात, कारण दिवसा कुणाला सवड नसते. बैठकीत कर्जाचा विषय निघावा आणि नेमक्या त्याच वेळी दोघी-तिघी उठाव्यात, "कोंबड्या झाकायच्या राहिल्यात" म्हणून. माहेरी एक रात्र राहायचं म्हटलं तरी हाच घोर. हल्ली मोबाईलवर आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दारांचे व्हिडिओ येतात. ते पाहून बऱ्याच जणींनी आम्हाला विचारलं, हे दार घ्यावं का? विचारणाऱ्या बहुतेकींच्या घरी कुत्रं आहे, नाहीतर मांजर आहे. म्हणून हो किंवा नाही एवढ्यावर उत्तर भागत नाही.

दार तसं साधंच असतं. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची फळी, तिच्या दोन्ही बाजूंना खाचा आणि वर छोटी मोटर. मोटर फळी वर ओढते, खाली सोडते. कोंबडीला अंधुक उजेडात नीट दिसत नाही, त्यामुळे तिन्हीसांजेला ती आपली आपण आत जाऊन काठीवर बसते. कुणी हाकलायला लागत नाही. या तिच्या सवयीवरच सगळा कारभार चालतो.

मोटरला हुकूम देतं ते घड्याळ, नाहीतर उजेड ओळखणारा एक डोळा. घड्याळाची अडचण अशी, की पुण्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. विदर्भात याहून लवकर. म्हणजे घड्याळ दर पंधरा दिवसांनी बदलावं लागतं. ते विसरलं की एखाद्या संध्याकाळी दार आधी मिटणार आणि कोंबड्या बाहेर राहणार. डोळ्याचं दार ऋतूप्रमाणे आपोआप जुळतं, पण अंगणातला बल्ब त्यावर पडला तर त्याला वाटतं अजून दिवसच आहे. श्रावणात आभाळ भरून आलं, की उलटं होतं. आमचं मत विचाराल तर डोळ्याचंच दार बरं, पण अंधार पडल्यावर वीस-तीस मिनिटांनी मिटेल असं लावता येणारं. आणि ते बल्बाच्या आड बसवायचं.

आता कुत्र्या-मांजराकडे येऊ. त्यासाठी जरा लांबचं उदाहरण घेतो. इंग्लंड-अमेरिकेत घराच्या दारातच खाली कुत्र्यासाठी छोटं झडपेचं दार करतात. त्यातली काही दारं इलेक्ट्रॉनिक असतात. कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असते, तिच्यात १५ आकडी नंबर असतो. कुत्रं जवळ आलं की दार तो नंबर वाचतं आणि झडप सुटते. आपल्या गाईच्या कानात १२ आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतो ना, तसंच हे. फरक इतकाच, की बिल्ला माणसाला पाहावा लागतो, चिप दारच वाचतं.

ऐकायला छान आहे. पण ज्या घरात कुत्र्याबरोबर घरातच ठेवलेली मांजरं असतात, तिथे या दाराने पंचाईत होते. बरीचशी दारं फक्त आत येणाऱ्याला तपासतात. बाहेर जाणाऱ्याने झडप ढकलली की ती उघडते, मग ढकलणारं कुत्रं असो की मांजर. म्हणून अशा घरी दोन्ही बाजूंनी तपासणारं दार घ्यावं लागतं. तरीही एक फट राहतेच. कुत्रं बाहेर पडल्यावर झडप काही सेकंद सुटलेली राहते, तेवढ्यात त्याच्या शेपटीमागून मांजर निसटतं. दार लहान करावं म्हटलं तर कुत्रं मावत नाही, आणि कुत्र्याला जे दार पुरतं त्यातून मांजर सहज जातं.

आपल्या खुराड्याची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही, उलट थोडी बिकटच. त्या दाराला निदान नंबर तरी कळतो, आपल्या दाराला कोंबडी कोण आणि मांजर कोण हेही कळत नाही. कोंबडीला सुमारे एक फूट उंच वाट लागते. तीतून मांजर आरामात जातं, अंगाने बारीक असलेलं गावठी कुत्रंही अंग चोरून घुसतं. उंदरामागे किंवा उबेला मांजर आत गेलेलं असताना वेळ झाली तर फळी खाली येणार. चोर आत आणि कुलूप बाहेरून! मोठ्या कोंबडीला मांजर सहसा हात लावत नाही, पण पिल्लं आणि कोवळ्या तलंगा एकेक करून जातात. हाताने कडी घालणारी बाई आधी आत डोकावते. दारापेक्षा तुमचं हे डोकावणं जास्त मोलाचं आहे, हे दार विकणारा सांगत नाही.

म्हणून दार घेण्याआधी आपल्या परसात नेमका कोण येतो ते बघा. रानमांजर आणि उदमांजर रात्रीचे, त्यांच्यासाठी हे दार कामाचं. मुंगूस मात्र दिवसा फिरतो, आणि दिवसा दार उघडंच असतं. तिथे हजारो रुपये घालून काही होणार नाही. त्यापेक्षा अर्ध्या इंची चौकोनी तारेची जाळी घ्या, ती जमिनीत वीतभर पुरा. षट्कोनी मऊ जाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती दाताने फाडतो.

घरच्या मांजराचा इलाज खुराड्याजवळ नाही, चुलीजवळ आहे. रोज दिवेलागणीच्या आधी ठरलेल्या वेळी तिला घरात दूध-भाकरी द्या आणि दार ओढून घ्या. आठ-दहा दिवसांत ती वेळेवर पायात घुटमळायला लागेल. खुराड्यात रात्री दाणा ठेवू नका, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि उंदरामागे मांजरही. कुत्र्याला त्याच वेळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खायला घाला. आणि मेलेलं पिल्लू मांजरापुढे टाकू नका, पुरून टाका. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याचं २०२५च्या जानेवारीत समोर आलं होतं. मांजरही त्याच कुळातलं.

एवढं करूनही दार घ्यायचंच ठरलं, तर दुकानात या गोष्टी करून पाहा. मिटलेली फळी बोटांनी वर उचला. उचलली गेली तर ती कुत्र्याच्या नाकानेही उचलली जाईल, असं दार नको. फळी खाली येताना मध्ये चिंधीचा बोळा धरा, मोटर थांबायला हवी, नाहीतर एखाद दिवशी कोंबडीची मान सापडेल. खालची खाच बघा. खोल खाचेत शेण-भुसा साचतो आणि दार दोन बोटं उघडं राहतं, तेवढी फट उंदराला पुरते. लाईट गेल्यावर बॅटरीवर चालतं का, आणि बॅटरीही संपली तर हाताने लावता येतं का, हे विचाराच.

पैशाचं गणित गटात मांडा. समजा दार ५,००० रुपयांना पडलं आणि गावठी अंडं १२ रुपयांना जातं, तर ४१७ अंडी झाली. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. म्हणजे साधारण सहा कोंबड्यांची वर्षभराची अंडी त्या फळीत गेली. घरी पाच-सहा कोंबड्या असतील तर आम्ही घेऊ नका म्हणू. त्यापेक्षा शेजारणीशी ठरवा, तुझ्या बैठकीच्या दिवशी मी कडी घालते, माझ्या दिवशी तू घाल. तीस-चाळीस पक्षी असतील, घरात एकटी बाई असेल, तर गोष्ट वेगळी.

दार बसवल्यावर पहिले पंधरा दिवस ते मिटल्यावर बॅटरी घेऊन जा, काठीवरच्या कोंबड्या मोजा, कोपऱ्यात दोन डोळे चमकतात का बघा. आकडा रोज बरोबर आला, की मग माहेरचा बेत करा. आणि पिल्लांची कोंबडी या खुराड्यात सोडू नका. पिल्लं दाराशी रेंगाळतात, फळी मिटली की बाहेर राहतात. तिला महिनाभर घरात डालग्याखालीच झाका, वर दगड ठेवून.