लकवा झाला, मग पुढं काय?

लकवा झालेल्या माणसाला अकोल्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयातून सुट्टी मिळते, तेव्हा घरच्यांच्या हातात एमआरआयची मोठी पिशवी असते, महिन्याभराच्या गोळ्या असतात आणि कागदाच्या तळाशी ‘फिजिओथेरपी घ्यावी’ अशी एक ओळ असते. गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे लिहिलेलं असतं. फिजिओथेरपी कोणाकडून, कुठे आणि किती दिवस घ्यायची, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मग गावी आल्यावर तेल कोमट होतं, मालिश सुरू होते. कोणी जडीबुटीवाल्याचं नाव सांगतं, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. यात जे आठवडे जातात, तेच सगळ्यांत मोलाचे असतात.

लकव्यात मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारच्या पेशी त्यांचं काम हळूहळू शिकू शकतात आणि त्यासाठी त्यांना तेच काम पुन्हा पुन्हा करायला मिळावं लागतं. हे शिकणं पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांत वेगानं होतं. पुढे वेग मंदावतो, पण दार बंद होत नाही. मालिशनं हाताला बरं वाटेल, मात्र हात उचलण्याचा हुकूम मेंदूनंच द्यायचा असतो. रोग्यानं स्वतः प्रयत्न केल्याशिवाय हा अभ्यास होत नाही.

विदर्भाच्या खेड्यांत हा आजार किती खोल रुजला आहे, हे गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधनानं दाखवून दिलं. 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची छाननी झाली. सातांतला एक मृत्यू पक्षाघातानं झालेला निघाला आणि त्यातले बहुतेक घरीच झाले होते. जे वाचतात, तेही घरीच असतात, बाजेवर.

आधी नीट तपासणी

चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी हातपाय हलवायला घेत नाही. तो आधी पाहतो. रोगी जागा आहे का, सांगितलेलं त्याला कळतं का, बोलता येतं का, पाण्याचा घोट घेताना ठसका लागतो का. ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काही देणं धोक्याचं असतं, कारण अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. काही रोग्यांना डावी बाजू जणू नसतेच. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डाव्या हाताला उभा असलेला माणूस दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘लक्ष देत नाही’. खरं तर ते मेंदूच्या इजेचं लक्षण असतं.

मग स्नायूंचा ताण. कोपर हळू आणि नंतर झटक्यात सरळ करून किती विरोध होतो ते पाहतात आणि ‘सुधारित अॅशवर्थ’ मापनावर त्याची नोंद करतात. पुढची एक तपासणी साधी, पण फार काही सांगणारी असते. रोग्याचे डोळे मिटलेले असतात. फिजिओथेरपिस्ट त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही कडांनी चिमटीत धरतो, थोडा वर किंवा खाली नेतो आणि विचारतो, ‘वर का खाली?’ पायात भरपूर ताकद असूनही याचं उत्तर चुकत असेल, तर त्या माणसाला आपला पाय कुठे आहे हेच कळत नाही. दिवसा जमिनीकडे बघत तो चालेल, रात्री दिवा गेला की पडेल. अशा माणसाला नुसते ताकदीचे व्यायाम देऊन भागत नाही.

तोल मोजण्यासाठी 1989 साली आलेली बर्ग मापनपट्टी वापरतात. तीत 14 कामं आणि 56 गुण असतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं, याला किती सेकंद लागतात तेही मोजतात. पण ही मापं खुर्ची-पलंगाच्या घरांसाठी तयार झाली. आपल्याकडे जेवायला खाली बसतात, संडास बहुधा उकिडवं बसण्याचा, चूल जमिनीवर, आणि झोपायला मधोमध खचलेली बाज. म्हणून चिखली किंवा नांदुऱ्याच्या खेड्यातल्या रोग्याची तपासणी ‘जमिनीवरून उठता येतं का?’ हे विचारल्याशिवाय पुरी होत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न रोग्यालाच विचारायचा असतो : ‘तुम्हाला आधी काय जमायला हवं?’ कोणी म्हणेल, एकट्याला संडासला जाता आलं पाहिजे. कोणी म्हणेल, लुगडं नेसता आलं पाहिजे. उपचारांची आखणी या उत्तरापासून सुरू होते.

मग सराव, तोही कामाचा

विसाव्या शतकाच्या मध्यात बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं लंडनमध्ये, तर सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी अमेरिकेत उपचारांच्या पद्धती मांडल्या. त्या आजही शिकवल्या जातात. मात्र आता भर आहे तो जे काम जमायला हवं त्याचाच, भरपूर वेळा सराव करण्यावर. उभं राहायला शिकायचं तर उठ-बस करायची. ती अशी : पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, दोन्ही टाचा जमिनीवर, धड कंबरेतून पुढे झुकवून डोकं पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत, आणि मग वर. बहुतेकजण चांगल्या पायावरच भार टाकतात, म्हणून मदतनीस कमजोर बाजूला बसतो आणि तो गुडघा सांभाळतो. सुरुवातीला आसन उंच ठेवतात, जमेल तसं खाली आणतात. हे मोजून करायचं आणि रोज करायचं.

हातासाठी एक उपाय असा की चांगला हात हातमोज्यात बंद ठेवायचा आणि कमजोर हातालाच कामाला लावायचं. अमेरिकेत 222 रोग्यांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा फायदा दिसला. पण त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता आली पाहिजेत. बोटं आधीच आवळलेली असताना हातात रबरी चेंडू देऊन दाबत बसायला लावणं हा सगळीकडे मिळणारा सल्ला. पण अशा हाताला आधी मूठ उघडण्याचा सराव हवा.

घाईचाही तोटा होतो. पाच देशांतल्या दोन हजारांवर रोग्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2015 साली आले. पहिल्या 24 तासांतच सुरुवात करून ज्यांना वारंवार आणि बराच वेळ उठवलं गेलं, त्यांचा निकाल उलट कमी चांगला होता. कधी, किती आणि कोणता व्यायाम, हे औषधाच्या मात्रेइतकंच जपून ठरवायला लागतं. आणि कमजोर हाताला धरून रोग्याला कधीच ओढू नये. स्नायू ढिले पडलेल्या खांद्याचा सांधा त्यानं खाली सरकतो, आणि मग दुखण्यामुळेच व्यायाम थांबतो.

मेंदू-नसांचा प्रत्येक आजार वेगळा, म्हणून उपचारही वेगळे. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. त्या आजारात इजा मेंदूला नसून हातापायांच्या नसांना होते. तिथे थकेपर्यंत व्यायाम करून घेणं चूक ठरतं. पार्किन्सनमध्ये पाय जागीच चिकटतो, तेव्हा जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघा ओलांडायला सांगितल्या की पाऊल सुटतं. झाडावरून पडून मणक्याला मार लागलेल्या शेतमजुराला आधी जपावं लागतं ते शय्याव्रणांपासून.

घरचे हवेतच, पण एकटे नकोत

तज्ज्ञ कमी आहेत, तर घरच्यांनाच शिकवलं तर? भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रोग्यांवर हे करून पाहिलं गेलं. 2017 साली निष्कर्ष आले : सहा महिन्यांनी मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रोग्यांचं प्रमाण घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत 47 टक्केच होतं. याचा अर्थ घरच्यांची मेहनत वाया जाते असा नाही. शिकवून सोडून दिलं की भागत नाही, असा आहे. रोजची उठ-बस मुलगा किंवा सून करून घेईल. पण ताण वाढला का, व्यायाम बदलायला हवा का, हे ओळखायला पुन्हा पुन्हा तपासणारा जाणकार लागतो.

आणि इथेच आपला बुलढाणा जिल्हा कमी पडतो. तेरा तालुके, काही घाटावर, काही घाटाखाली. लोणार किंवा संग्रामपूरच्या खेड्यातून अर्धं अंग गेलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा शहरात नेणं म्हणजे गाडीभाडं, सोबतच्या एका माणसाची मजुरी बुडणं आणि सोयाबीन-कापसाच्या हंगामात तेही अशक्य. लोक उपचार सोडतात ते आळसानं नव्हे.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात बुलढाण्याचंही होतं. त्याच्या जोडीनं प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसला पाहिजे आणि महिन्यातून एकदा तरी त्यानं घरी जाऊन बाज, उंबरठा, संडास पाहिला पाहिजे. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे ठामपणे गेली पाहिजे.

तोवर घरच्यांनी सुट्टीच्या वेळी चार गोष्टी लिहूनच घ्याव्यात : नेमकं काय बिघडलं आहे, रोज कोणते व्यायाम किती वेळा, काय अजिबात करायचं नाही, आणि पुन्हा तपासणी कधी. फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारावं. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये पार्किन्सन आणि मेंदू-नसांच्या दीर्घकालीन आजारांचा समावेश आहे, तेव्हा पात्र रोग्याचं प्रमाणपत्र काढून ठेवावं. जीव वाचवण्यासाठी आपण जमीन गहाण टाकतो. वाचलेल्या माणसाला पुन्हा आपल्या पायावर उभं करणं हाही उपचारच आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.