अक्षर उलगडणें आणि अर्थ उमगणें

मूल पुस्तक घडाघडा वाचूं लागलें कीं घरांतील वडीलधाऱ्यांस धन्यता वाटते. तें अडखळलें कीं त्यावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत, हें तुर्की भाषेच्या उदाहरणावरून चांगलें कळून येतें.

तुर्की भाषेंत आठ स्वर आहेत. पूर्वीं ती अरबी लिपींत लिहीत असत. त्या लिपींत इतक्या स्वरांस स्वतंत्र चिन्हें नसल्यानें ‘झाला’ व ‘मेला’ या अर्थांचीं दोन निरनिराळीं क्रियापदें एकाच तऱ्हेनें लिहिलीं जात, आणि कोणतें घ्यावयाचें हें संदर्भावरून ठरवावें लागे. म्हणजे अर्थ आधीं कळल्याखेरीज उच्चार कळत नसे! मुस्तफा केमाल पाशांच्या राजवटींत १ नोव्हेंबर १९२८ रोजीं कायदा होऊन २९ अक्षरांची लॅटिन वर्णमाला आली. तींत, थोडे अपवाद वगळल्यास, एका अक्षराचा एकच ध्वनि. इंग्रजीप्रमाणें शब्दाशब्दाचें स्पेलिंग पाठ करण्याचा जाच तेथें नाहीं.

याचा मुलांच्या वाचनावर काय परिणाम होतो, हें बानू ओनेय व आयदिन दुरगुनओलू या विदुषींनीं पहिल्या इयत्तेंतील मुलांची परीक्षा घेऊन पाहिलें. त्यांचा निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला. आरंभीं, शब्दांतील ध्वनि सुटे करून ओळखण्याची हातोटी मुलांस शब्द वाचण्याच्या कामीं उपयोगी पडली. परंतु शब्दवाचन लवकरच अचूक होत गेलें, आणि मग अर्थ कोणास किती कळतो हा फरक निराळ्याच गोष्टीवरून पडूं लागला: ऐकलेली भाषा कोणास किती समजते यावरून.

मग शब्द उलगडण्याच्या कौशल्याचें महत्त्व तेवढ्यांतच संपलें काय? नाहीं. अचूकपणा आला तरी वेग यावयाचा असतो. तुर्कींत प्रत्ययावर प्रत्यय चढून शब्द लांबत जातो. ‘एव्’ म्हणजे घर, ‘एव्लेर’ घरें, ‘एव्लेरिमिझ’ आमचीं घरें, ‘एव्लेरिमिझ्दे’ आमच्या घरांत. एकेक अक्षर चाचपीत जाणारें मूल शब्दाच्या शेवटाशीं पोचेतों आरंभ विसरतें. त्याची सारी शक्ति उच्चारांतच खर्च होते. ज्याच्या डोळ्यांस प्रत्ययांचे तुकडे एका दृष्टिक्षेपांत ओळखूं येतात, त्याचें मन अर्थाकडे लागण्यास मोकळें राहतें.

फिलिप गॉफ व विल्यम टनमर यांनीं १९८६ सालीं मांडलेलें सूत्र येथें लागू पडतें. शब्द उलगडणें व भाषा समजणें यांची बेरीज नव्हे, तर गुणाकार म्हणजे वाचनाचें आकलन. दोहोंपैकीं एक शून्य असेल, तर दुसरें कितीही मोठें असलें तरी फळ शून्यच.

आपली देवनागरी लिपीही बव्हंशीं उच्चारानुसारी आहे, आणि ‘घर’, ‘घरांत’, ‘घरांतल्यांना’ असे आपले शब्दही प्रत्ययांनीं वाढतात. म्हणून ही कसोटी आपल्या घरींही लावून पाहण्याजोगी आहे. मूल अडखळत असेल तर तोच धडा आपण वाचून दाखवावा व मग प्रश्न विचारावे. ऐकून त्यास सर्व कळलें, तर बुद्धींत उणेपणा नाहीं. त्यास अक्षरांचा सराव मात्र हवा. उलट, जें घडाघडा वाचतें पण ऐकूनही सांगूं शकत नाहीं, त्यास आणखी पाठांतर नको. आजी-आजोबांच्या गोष्टी, घरांतलें मोकळें बोलणें आणि नव्या शब्दांची ओळख हवी. एकत्र कुटुंबांत हें देऊं शकणारीं माणसें पुष्कळ असतात; त्यांतील कोणीतरी रोज अर्धी घटका त्यासाठीं काढली पाहिजे.