टब आणि टाइल : न्हाणीघराच्या कामाचा क्रम

नागपुरात वर्धा मार्गाच्या दुतर्फा, मनीषनगर–बेसाच्या बाजूला, जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांच्या नकाशांत न्हाणीघराला पूर्वी कधी न लाभलेली ऐसपैस जागा मिळू लागली आहे. आणि वैशाखातल्या ४५ अंशांच्या उन्हातून परतलेल्या गृहस्थाला गार पाण्याच्या टबात निवांत पडून राहण्याची इच्छा व्हावी, हे सर्वथा स्वाभाविक आहे. परंतु टबाची निवड ज्या उत्साहाने होते, त्याच्या दशांशानेही विचार भोवतालच्या टाइलांचा होत नाही. आणि भिंतीचा वाकडेपणा, पाण्याच्या वाटा, सांध्यांची मापे हे प्रश्न एकेक करून पुढे येतात, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून टाइल सर्वांत शेवटी बसत असली, तरी तिचा तपशील पहिला नळ टाकण्यापूर्वी कागदावर उतरला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम भाराचा हिशेब करावा. सुमारे १७० सेंटिमीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद अशा टबात साधारणपणे २०० लिटर पाणी धरले, तर माणसासह त्याचे वजन ३०० किलोंच्या आसपास जाते आणि ते जेमतेम सव्वा चौरस मीटर जागेवर येते. उलट घरगुती न्हाणीघराचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा वापरभार गृहीत धरून आखलेला असतो. तेव्हा टब वरच्या मजल्यावर बसवायचा असल्यास अभियंत्याची संमती घेतल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. त्यानंतर जलरोधक थर केवळ जमिनीवर न थांबवता टबामागच्या भिंतीवर काठाच्याही वर न्यावा, निचऱ्याचे तोंड बंद करून दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवावे आणि खालच्या छताला ओल येत नाही याची शहानिशा करावी. टबाखालची जमीनही निचऱ्याकडे उतरती हवी, कारण पुढे कधी सांधा झिरपलाच, तर त्या पाण्याला बाहेर पडण्याचा मार्ग असला पाहिजे.

मग टाइलांची आखणी. गवंड्याने ओळंबा आणि गुण्या लावून भिंतीची परीक्षा करावी आणि गिलाव्यातच दोष काढून टाकावा, कारण टबाची कड सरळ असते आणि तिच्याशेजारी भिंतीचा किंचित तिरकसपणाही डोळ्यांत भरतो. आखणीचा आरंभ टबाच्या काठापासून करावा. अखंड टाइल तेथे यावी आणि कापलेले तुकडे दूरच्या कोपऱ्यात किंवा छताजवळ जावेत. टबाला भिंतीलगत उभी पट्टी असेल, तर टाइल तिच्यावरून खाली उतरावी, मात्र काठावर टेकू नये; मध्ये सुमारे तीन मिलिमीटरांची फट ठेवून ती सिमेंटने नव्हे, तर सिलिकोनने भरावी. हे भरण्याआधी टब पाण्याने भरून घ्यावा, कारण भाराने तो किंचित खाली बसतो, आणि रिकाम्या टबाचा भरलेला सांधा पहिल्याच स्नानाला ताणला जातो. दर्शनी बाजूच्या टाइलांत निचऱ्याच्या नळापर्यंत हात पोचेल अशी, काढता येणारी एक झडप अवश्य ठेवावी. तिच्या अभावी पुढे साध्या दुरुस्तीसाठीही टाइल फोडाव्या लागतात.

टाइलांच्या जातीचाही विवेक हवा. भिंतीची चकचकीत सिरॅमिक टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, म्हणून सिमेंटात बसवताना ती आधी भिजवतात. व्हिट्रिफाइड टाइल मात्र जेमतेम अर्धा टक्का शोषते, सिमेंटाला तिची पकड मिळत नाही, आणि तिच्यासाठी चिकटद्रव्यच वापरावे लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे मिश्रण फार लवकर सुकते, म्हणून ते थोडे थोडेच कालवावे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी गडद रंग टाळावेत, कारण क्षारांचे पांढरे डाग त्यांवर लगेच उठून दिसतात. जमिनीला खरखरीत टाइल घ्यावी, आणि एकाच उत्पादन-गटातल्या टाइला दहा टक्के जास्त आणून ठेवाव्यात. पुढे त्याच छटेची टाइल मिळेलच, असा भरवसा नसतो.

पाण्याचाही विचार याच आराखड्यात यावा. नागरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते, आणि एक भरलेला टब त्याहून अधिक पाणी घेतो. २०१९च्या जुलैत पेंचच्या धरणातला साठा आटल्यामुळे नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळाले, हे विसरून चालणार नाही. तेव्हा टबाचे सांडपाणी बागेकडे नेणारी वेगळी वाट टाइल बसण्यापूर्वीच काढावी, कारण नंतर ती केवळ तोडफोडीनेच निघते.

या सर्व बाबी घरमालक, प्लंबर आणि मिस्त्री यांनी एकत्र बसून एका नकाशावर नोंदवाव्यात. भिंतीतले नळ झाकले जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. आणि हा नकाशा घराच्या खरेदीखताबरोबर दप्तरात जपून ठेवावा. वीस वर्षांनी जो कोणी ती भिंत उघडील, त्याला नेमकी कोणती टाइल काढायची हे त्यावरून कळेल, आणि बाकीचे न्हाणीघर शाबूत राहील.