रस्त्यावरचे इंजिन पाण्यावर जाते तेव्हा

साहित्य शिकवणाऱ्याने होडीच्या इंजिनावर का लिहावे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर साधे आहे. कोकण किनाऱ्यावरच्या असंख्य कुटुंबांचे पोट या यंत्रावर चालते. त्याविषयी बंदरावर मराठीत रोज बोलले जाते. लिहिले मात्र फार थोडे जाते. बोलण्यातले ज्ञान लिखित गद्यात आणणे हेही भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे, असे मी मानतो.

रत्नागिरीचे मिरकरवाडा असो, दापोलीजवळचे हर्णे असो की पालघरचे सातपाटी, या बंदरांत यांत्रिक नौका डिझेलवर चालतात. त्यांतली कित्येक इंजिने ट्रक-बसच्या इंजिनांच्या घराण्यातली आहेत. लेलँडचे सहा सिलिंडरचे इंजिन हे त्यातले परिचित नाव. काही इंजिने कारखान्यातूनच समुद्रासाठी सज्ज होऊन येतात, तर काही जुन्या वाहनातून काढून मिस्त्रीच्या हातून होडीत बसतात. कारण उघड आहे. खास नौकेसाठी घडवलेले इंजिन महाग पडते. ट्रकच्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि ते उघडू शकणारा मेकॅनिकही भेटतो.

हा प्रकार नवा नाही. जर्मनीत गोट्लीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८६ साली आपले छोटे पेट्रोल इंजिन घोडागाडीत बसवले, तसेच नेकार नदीवर होडीतही चालवून पाहिले. म्हणजे रस्ता आणि पाणी ही या इंजिनाची जवळजवळ जुळी क्षेत्रे. आपल्याकडे १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला, केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला, आणि यांत्रिक मासेमारीला मोठी चालना मिळाली.

पण गाडीतले इंजिन उचलले आणि होडीत ठेवले, एवढ्याने भागत नाही. निदान चार गोष्टी नव्याने कराव्या लागतात.

पहिली गोष्ट उष्णतेची. गाडीत पुढे रेडिएटर असतो. धावताना समोरून येणारा वारा आणि इंजिनाचा पंखा त्यातले पाणी थंड करतात. होडीचे इंजिन तळाशी, बंद जागेत असते. तिथे वारा नाही, पण सभोवती हवे तेवढे पाणी आहे. मात्र समुद्राचे खारे पाणी थेट इंजिनात फिरवले तर धातू गंजतो आणि क्षार साचून वाटा बुजतात. म्हणून गोडे पाणी इंजिनाच्या आतच फिरत राहते आणि खारे पाणी पंपाने वेगळ्या नळ्यांतून नेतात. जिथे ही दोन पाणी शेजारून जातात, पण मिसळत नाहीत, त्या भागाला बंदरावर ‘कूलर’ म्हणतात. आत जस्ताचा एक तुकडा बसवतात. खाऱ्या पाण्याचे आक्रमण तो आधी स्वतःवर घेतो, स्वतः झिजतो आणि बाकीचा धातू वाचवतो. तो वेळेवर बदलावा लागतो.

दुसरी गोष्ट धुराची. गाडीखालचा तप्त नळ मोकळ्या हवेत असतो. होडीत तोच नळ लाकडाजवळून, फायबरजवळून जातो. म्हणून त्याला उष्णतारोधक गुंडाळतात किंवा पाण्याने थंड करतात. येथली हयगय म्हणजे आगीला आमंत्रण. पेट्रोल इंजिनात धोका आणखी वाढतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीने भडका उडू शकतो. त्यामुळे गाडीचा साधा स्टार्टर आणि डायनॅमो तिथे चालत नाही; ठिणगी बाहेर पडू न देणारेच लागतात.

तिसरी गोष्ट भाराची. सामान्य वाचकाच्या हे सहसा ध्यानात येत नाही. मिरकरवाड्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी मला ते एका दमात समजावले : “सर, गाडीला कधीतरी उतार मिळतो. होडीला जन्मभर चढच.” रस्त्यावर इंजिन पूर्ण ताकद क्वचितच लावते, सिग्नलला थांबते, उतारावर विसावते. पाण्यात पंखा अखंड रेटत राहावा लागतो. शिवाय पंख्याचे फेरे दुप्पट करायचे, तर ताकद सुमारे आठपट लागते. म्हणून गाडीत जे इंजिन जेवढ्या अश्वशक्तीचे म्हणून विकले जाते, तेवढी शक्ती होडीत तासन्‌तास मागता येत नाही. तोच आकडा धरून मोठा पंखा लावला की इंजिन काळा धूर ओकते आणि लवकर थकते.

चौथी गोष्ट गिअरची. होडीला ब्रेक नाहीत. थांबायचे तर पंखा उलटा फिरवावा लागतो. गाडीच्या गिअरपेटीत मागे जाण्याची सोय असते ती थोड्या वेळापुरती. होडीच्या गिअरपेटीला पुढे-मागे दोन्हीकडे पूर्ण जोर झेलावा लागतो, आणि इंजिनाचे वेगवान फेरे कमी करून पंख्याला द्यावे लागतात. त्यातच पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट पुढे रेटला जातो. हा रेटा झेलणारे बेअरिंग नसेल, तर तो थेट इंजिनाच्या पोटात जातो.

या चारांपैकी एक जरी राहिली, तरी किनाऱ्यावर सारे ठीक दिसते. दोष कळतो तो खोल समुद्रात. रस्त्यावर इंजिन बंद पडले तर गाडी कडेला उभी राहते; समुद्रात बंद पडले तर होडी वारा आणि लाटांच्या हाती जाते. तांडेल आणि खलाशी यांच्यासाठी ‘इंजिन बदलणे’ हा केवळ खर्चाचा प्रश्न नसतो, तो इथे.

भाषांतर शिकवताना याच गोष्टीकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. शब्द उचलून दुसऱ्या भाषेत ठेवला तरी त्याभोवतीची सोय नव्याने करावी लागते. आणि येथे मराठीने ती आपल्या पद्धतीने केलेली दिसते. नौकेच्या ‘प्रोपेलर’ला बंदरावर ‘पंखा’ म्हणतात. ‘कूलर’, ‘शाफ्ट’, ‘गिअर’ जसेच्या तसे घेतले. ‘सुकाणू’ आणि ‘तांडेल’ जुनेच राहिले. कोणी समिती नेमली नव्हती. ज्यांना शब्द वापरायचा होता, त्यांनीच तो निवडला. यांऐवजी अवघड संस्कृत प्रतिशब्द घडवले, तर मिस्त्रीला ते समजणार नाहीत आणि विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग होणार नाही.

वडोदऱ्यात हे म्हणण्याला विशेष अर्थ आहे. शहर समुद्रापासून दूर असले, तरी बडोदे संस्थानाकडे ओखामंडळाचा किनारा होता. याच शहरात १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू केले, आणि कारागिरीचे शिक्षण आपल्या भाषेतून देण्याचा आग्रह धरला. पुढे १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ने राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत एकत्र आणले. त्याच धर्तीवर बंदरावरच्या शब्दांचा संग्रह व्हायला हवा. किनाऱ्यावर नातेवाईक असलेल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत वही घेऊन जावे, मिस्त्रीजवळ बसावे, आणि कूलर कसा साफ करतात एवढेच त्यांच्या शब्दांत लिहून आणावे. मराठीतल्या तांत्रिक गद्याची सुरुवात तेवढ्यानेही होईल.