इंडिकेटर भरभर टिकटिकतो तेव्हा

चिखली-खामगावकडे जुनी मारुती ८०० अजून दिसते. तिचा इंडिकेटर एकाच बाजूला भरभर टिकटिकू लागला, की फ्लॅशर (दिवा ठरावीक गतीने चालू-बंद करणारी डबी) गेला असे समजून नवा आणला जातो. दोष बहुधा तिथे नसतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर दिव्यांकडे जाणारा प्रवाह जोखतो. पुढच्या-मागच्या २१ वॅटच्या बल्बांपैकी एक गेला, की प्रवाह घटतो आणि उघडझाप वाढते; दाणे संपले की जाते भरभर फिरते, तसेच. त्याहून जुन्या, तापून चालणाऱ्या फ्लॅशरचे नेमके उलट: तो मंदावतो किंवा दिवा नुसता पेटून राहतो.

म्हणून आधी इंडिकेटर लावून गाडीभोवती एक फेरी मारा. न लागणारा बल्ब काढून आतली तार पाहा. ती शाबूत असेल, तर होल्डरमधला हिरवट गंज आणि अर्थचा (बॉडीला जोडलेल्या परतीच्या वायरीचा) सांधा पॉलिश पेपरने घासा. पावसाळ्यानंतर निम्मे काम इथेच होते. दोन्ही बाजू बंद असतील, तर मात्र आधी फ्यूज, मग फ्लॅशर.

राजूर घाटात शिरण्यापूर्वी एवढे करून घ्या. मागच्या गाडीला आपला बल्ब दिसतो, टिकटिक ऐकू येत नाही.