जुने स्पीकर घेताना

दहावीची परीक्षा संपली आणि आमच्या धाकट्याने स्पीकरचा हट्ट धरला. त्याला रॉक ऐकायचे होते, तेही मोठ्याने. अब्बांना कव्वाली प्रिय. पण ‘जुनून’चे ‘सय्योनी’ लागले की तेही मान डोलावतात, म्हणून परवानगी मिळाली. नवे परवडेनात, तेव्हा हिंगोलीत एकाकडून जुनी जोडी घेतली. पेटीवर वॉटचा भला मोठा आकडा होता, त्यालाच आम्ही भुललो. घरी आवाज वाढवताच खरखर सुरू झाली. जाळी काढून पाहिले, तर कडेचा फोम भुग्यासारखा गळत होता. पैसे गेले, पोराचे तोंड उतरले. दुसरी जोडी घेण्याआधी आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

जाळी काढल्याशिवाय सौदा करू नका. कोनाच्या कडेला बोट लावून पाहा. फोम वापर नसला तरी वर्षांनी कुजतो. रबराची कड जास्त टिकते. फोम बदलून मिळतो, पण तो खर्च किमतीतून वजा करा. मग कोनाला दोन्ही बाजूंनी अलगद, समान दाब द्या. आत घासल्याचा आवाज आला, तर कॉइल बिघडली आहे. वरचा छोटा ट्विटर वाजतो का, हे कान जवळ नेऊन ऐका. आपल्या ओळखीचे गाणे सोबत न्या आणि हळू व मोठ्या, दोन्ही आवाजांत वाजवून पाहा.

आता वॉटची गोष्ट. आवाज किती निघेल हे स्पीकरच्या ‘सेन्सिटिव्हिटी’वर ठरते. ८६ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॉट देऊन जेवढा आवाज येतो, तेवढा ९२ डेसिबलचा स्पीकर २५ वॉटमध्ये देतो. रॉकमध्ये ड्रमचा ठोका क्षणभर फार मोठा असतो. अ‍ॅम्प्लिफायर कमी पडला की आवाज फाटतो आणि ट्विटर जळतो. म्हणून वूफर ८ इंच किंवा मोठा पाहा, आणि अ‍ॅम्प्लिफायरवर जितके ओहम लिहिले आहेत त्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडू नका. दोन्ही पेट्यांच्या लाल-काळ्या तारा सारख्याच लावा; एक उलटी झाली की बास हरवतो. पेटी भिंतीपासून थोडी पुढे ठेवा. पत्र्याच्या घरात तर पत्रेच वाजू लागतात!

आणखी एक हिशेब कानांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. ९० झाला की फक्त ४ तास. मुलांसाठी मर्यादा याहून कमी आहे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५, तर रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

दुसरी जोडी आम्ही जाळी काढून, फोम तपासून घेतली. ती आजही वाजते. आमच्या घरी असर ते मगरिब ही रॉकची वेळ ठरली आहे. बटण दाबण्याआधी धाकटा शेजारी डोकावून येतो आणि विचारतो, “खाला, बाळ झोपलंय का?”

झोपले असेल, तर तो हेडफोन न लावता गच्चीवर जाऊन बसतो. कानांचा हिशेब त्यालाही पटला आहे.