शेकानंतरचा न सांगितलेला त्रास

गेल्या आठवड्यात ओटीपोटावर शेक (किरणोपचार) घेतल्यानंतरची लघवीची जळजळ आणि जुलाब यांविषयी लिहिलं. ते त्रास रुग्ण आपणहून सांगतात. आजचा त्रास मात्र ते सांगत नाहीत आणि डॉक्टरही क्वचितच विचारतात. प्रोस्टेटच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्या पुरुषाची ताठरता कमी होते, तो हा त्रास.

कशेळे गावाहून मुंबईच्या टाटा रुग्णालयात शेकासाठी जायचं म्हणजे आधी कर्जत, मग लोकलने परळ, तेही सोमवार ते शुक्रवार, कित्येक आठवडे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर निदान रोजची ये-जा वाचते. मागे भाताची लावणी कोण बघणार, पैसे कुठून आणायचे, या चिंतेत असलेला माणूस शरीरसुखाचं कुठे विचारणार? जीव वाचतोय ना, मग आणखी काय मागायचं, असं त्याला वाटतं. मला हे पटत नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या जास्त धोक्याच्या कर्करोगाचे २२४ रुग्ण घेऊन एक चाचणी केली. फक्त प्रोस्टेटला शेक दिलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के, तर ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींनाही दिलेल्यांपैकी ९५ टक्के रुग्णांत पाच वर्षांनंतरही रक्ततपासणीत आजार पुन्हा डोकं वर काढताना दिसला नाही. एवढी वर्षं हाती येत असतील, तर ती कशी जगायची हा प्रश्न उपचाराचाच भाग आहे.

शस्त्रक्रियेत नसांना इजा झाली तर फरक लगेच कळतो. किरणांचं काम संथ चालतं. लिंगाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा प्रोस्टेटला अगदी खेटून असतात. शेकाने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हळूहळू निबर होतं, रक्त कमी पोचतं, आसपासच्या ऊती कडक होतात. काही महिन्यांनी सुरू झालेला हा बदल पुढे दोन-तीन वर्षं वाढत राहू शकतो. तोवर शेक मागे पडलेला असतो, आणि माणूस दोष देतो वयाला, स्वतःला, कधी बायकोला.

सोबत हार्मोन दाबणारी इंजेक्शनं असतील तर इच्छाच मंदावते. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत शेक घेतलेल्यांना ही इंजेक्शनंही काही महिने दिली होती. सुरुवातीला ६७ टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता होती. शेकाच्या गटात सहा महिन्यांनी ती २२ टक्क्यांवर आली, सहा वर्षांनी २७ टक्क्यांवर होती. पण सुरुवातीला उपचार न करता नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांतही सहा वर्षांनी ३० टक्केच उरले होते. म्हणजे सगळं खापर शेकावर फोडता येत नाही. वय, मधुमेह, रक्तदाब, विडी-तंबाखू हेही त्याच रक्तवाहिन्या खराब करतात. साखर आणि रक्तदाब तपासायला मुंबई गाठावी लागत नाही. ते कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयातही होतं.

यावर उपाय आहे. सिल्डेनाफिलची गोळी शेकानंतरही साधारण निम्म्या पुरुषांना उपयोगी पडते. नाही पडली तर निर्वात पंप आहे, ताठरतेसाठीचं इंजेक्शन आहे. मात्र छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने, किंवा त्या जातीचं दुसरं औषध चालू असणाऱ्याने, ही गोळी अजिबात घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणूनच मित्राने दिलेली गोळी नको, आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींचा नंबर तर मुळीच नको. त्रास होऊ नये म्हणून आधीपासून रोज टॅडालाफिल घेण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचा फायदा दिसला नाही. त्या आशेवर पैसे घालवू नका.

पहिल्या शेकाआधीच डॉक्टरांना विचारा, शक्य तर नवरा-बायको दोघांनी मिळून: आज माझी स्थिती अशी आहे, पुढे काय होईल? मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याचंही तेव्हाच विचारा, नंतर उशीर होतो. आणि बाहेरून यंत्राने दिलेला शेक अंगात उरत नाही. बायकोला बाधा होईल या भीतीने अंथरुणं वेगळी करायचं काही कारण नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शेक घेतलेल्या बायकांना तर हे कोणी विचारतही नाही. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.